जुनी कॉमिक्स मुलांना वाचू द्या

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकात जुन्या कॉमिक्सच्या किमतींविषयी आलेला लेख वाचला. माळ्यावरची पेटी उघडा आणि लखपती व्हा, हा त्याचा सूर मनाला फार लागला, म्हणून हे पत्र लिहीत आहे. सुपरमॅनचे पदार्पण झालेल्या जून १९३८ च्या अंकाची एक प्रत एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतील लिलावात ६० लाख डॉलरना गेली, ही माहिती खरी आहे. मात्र १० सेंटला विकला गेलेला तो अंक एवढा दुर्मीळ का झाला, हे लेखकमहाशयांनी सांगितलेच नाही. मुलांनी असले अंक वाचून वाचून फाडले, आणि दुसऱ्या महायुद्धात तिकडे रद्दी कागद गोळा करण्याच्या मोहिमा निघाल्या तेव्हा उरलेल्यांपैकी पुष्कळ अंकांचा लगदा झाला. तोच हिशेब आपल्याकडच्या, आता बंद पडलेल्या इंद्रजाल कॉमिक्सच्या अंकांना लावून वाचकांना आशेला लावणे योग्य नाही. असल्या लेखांचा परिणाम काय होतो, ते मी आमच्या बेळगावातच अनुभवले आहे.

खडेबाजार परिसरातील एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात इंद्रजालचे मराठी अंक सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यात खाली फळीवर असत. आईवडील शाळेची पुस्तके शोधत असताना मुले तिथेच फरशीवर बसून वेताळ (म्हणजे इंग्रजीतला फँटम) किंवा जादूगार मांड्रेक यांच्या गोष्टी वाचत आणि दुकानदार त्यांना कधी हटकत नसे. गेल्या दिवाळीनंतर गेलो तर तेच अंक प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून, चिकटपट्टी लावून काउंटरच्या मागे टांगलेले दिसले. एका अंकाची किंमत आठशे रुपये सांगितली. मधली पाने आहेत की नाहीत एवढे तरी पाहू द्या म्हटले, तर "काका, पिशवी फोडू नका बघा, फोडली की किंमत जातीय की हो" असे उत्तर मिळाले. शेजारी एक मुलगा त्या टांगलेल्या वेताळाकडे मान वर करून पाहत होता. त्यालाही हात लावू नको म्हणून दरडावण्यात आले. न उघडलेल्या पुस्तकाला वाचलेल्या पुस्तकापेक्षा जास्त मोल, हा व्यवहार मला मान्य नाही आणि आपल्या वृत्तपत्राने त्याला उत्तेजन द्यावे याचे वाईट वाटते.

शिवाय त्या पिशव्यांनी अंक टिकतील हा समजही चुकीचा आहे. इंद्रजालचा कागद साधा, लाकडाच्या लगद्याचा. त्यातील आम्लामुळे तो आपोआप पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात हवेतला ओलावा बंद पिशवीत अडकला की पानांवर बुरशी धरते आणि मधल्या पिना गंजतात. त्यापेक्षा कोरड्या कपाटात ठेवलेले अंक अधिक काळ टिकतात.

याच सुमारास खानापूरच्या बाजारात, जुन्या पाठ्यपुस्तकांच्या ढिगात, मला वेताळाचा एक अंक चाळीस रुपयांना मिळाला. मुखपृष्ठाचा किंमत छापलेला कोपराच फाटलेला आहे, पिनांच्या गंजाचा तांबूस डाग मधल्या चार पानांत उतरला आहे आणि पहिल्या पानावर कोणा मुलाने शाईच्या पेनाने 'सहावी ब' असे ठसठशीत लिहून ठेवले आहे. आपल्या लेखाच्या कसोटीवर हा अंक कवडीमोलाचा ठरेल. मला मात्र त्याने जो आनंद दिला तो फार मोठा आहे, आणि तो कशामुळे मिळाला हे आपल्या वाचकांना सांगितले पाहिजे.

पहिल्याच पानावर, उशिरा आलेल्यांसाठी म्हणून, चारशे वर्षांपूर्वीची हकिगत येते. चाच्यांनी जहाज लुटले, एकटा वाचलेला तरुण वाहत किनाऱ्याला लागला आणि त्याने आपल्या पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून चाचेगिरीविरुद्ध शपथ घेतली. तेव्हापासून बाप गेला की मुलगा तो पोशाख चढवतो, आणि आपण वाचतो तो एकविसावा वेताळ. ली फॉक यांनी ही कथा १७ फेब्रुवारी १९३६ पासून अमेरिकी दैनिकांत रोजच्या पट्टीच्या रूपात लिहिली, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि मुखवटा घालणारा हा वीर सुपरमॅनच्याही आधीचा आहे. रोज तीन-चार चौकटींत वाचकाला उद्यापर्यंत थोपवून धरायचे असल्यामुळे दर काही चौकटींनंतर एक दार उघडते, कोणाचे तरी पाऊल वाजते, किंवा कोणीतरी मागे वळून पाहते. त्या पट्ट्या जोडून पुस्तक केले तरी ती चाल तशीच राहिली आहे आणि म्हणूनच पान उलटल्याशिवाय राहवत नाही.

छपाईकडे डोळे जवळ नेऊन पाहावे. वेताळाच्या खांद्यावरचा रंग रेषेबाहेर केसभर सरकला आहे, आकाशाची निळाई बारीक ठिपक्यांची आहे आणि गुहेतल्या चौकटीत चित्रकार साय बॅरी यांनी काळ्या शाईने केवढा मोठा भाग भरून टाकला आहे! त्या अंधारातून फक्त डोळ्यांच्या दोन पांढऱ्या खाचा पुढे येतात. पुढच्या पानावर उजव्या हाताचा ठोसा बसतो आणि बदमाशाच्या जबड्यावर कवटीची खूण उमटते. हे सारे लहानपणी जसे वाटले होते तितकेच आजही थरारक वाटले.

माझी नात इंग्रजी माध्यमात शिकते, शाळेत दुसरी भाषा कानडी आहे, आणि मराठी तिला घरी बोलण्यापुरतीच मिळते. तो अंक तिने माझ्याकडून मागून घेतला. आधी चित्र पाही, मग फुग्यातली ओळ बोटाने धरून वाची, जोडाक्षर आले की अडे, आणि चित्रावरून अंदाज बांधून पुढे जाई. 'गुहा' आणि 'शपथ' हे शब्द तिला असे समजले. सीमाभागात मुलांच्या मराठी वाचनाची काळजी आपण सारेच बोलून दाखवतो. मुले आपण होऊन उघडतील अशी ही स्वस्त पुस्तके संग्राहकांच्या पिशव्यांत गेली, तर त्यांना वाचायला आपण काय देणार आहोत?

लेखात आणखी एक उणीव खटकली. मार्च १९६४ मध्ये सुरू होऊन १९९० मध्ये बंद पडलेल्या इंद्रजालची एवढी चर्चा करताना आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये आणलेल्या बहादूरचा साधा उल्लेखही नाही. दरोडेखोराचा मुलगा, भगवा कुर्ता आणि जीन्स घालून चंबळच्या दरोडेखोरांशी लढणारा, आपल्या मातीतला हा नायक. परदेशी लिलावाच्या आकड्यांना पाऊण पान मिळते आणि त्याला एक ओळ मिळू नये?

आणि विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांसाठी चित्रकथा येत असे. ती आधी तळाच्या कोपऱ्यात ढकलली गेली, तिथे फुग्यांतली अक्षरे चष्म्यानेही वाचता येईनात, आणि नंतर त्या जागी जाहिरात आली. यावर मी पूर्वीही पत्र पाठवले होते, त्याची पोच मिळाली नाही. जुन्या कॉमिक्सविषयी आपल्याला खरोखरच आस्था असेल, तर मराठी चित्रकथा त्या पुरवणीत पुन्हा सुरू करावी आणि मुलांना बोट ठेवून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत छापावी, ही आग्रहाची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक,
शहापूर, बेळगाव