कोप कुणाचा, पर्वणी कुणाची?

मा. संपादक यांस,

कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ च्या धोका पातळीकडे सरकू लागले, की 'निसर्ग कोपला' हा मथळा ठरलेला. त्याच दिवसांत नृसिंहवाडीला नदी उत्तर दारातून आत येते, दत्तपादुकांवरून वाहत दक्षिण दाराने बाहेर पडते आणि 'दक्षिणद्वार' स्नानाला भाविकांची रीघ लागते. पाऊस तोच.

सतराव्या शतकातला डच तत्त्वज्ञ स्पिनोझा याच्या 'एथिक्स'मध्ये (१६७७) चौथ्या भागाच्या प्रस्तावनेत याला जुळणारा दाखला आहे: तेच संगीत उदास माणसाला चांगले, शोकात असलेल्याला वाईट आणि बहिऱ्याला ना चांगले ना वाईट. 'देव म्हणजेच निसर्ग' हे त्याचे गाजलेले शब्दही तिथलेच. ते सुटे उचलले की तो निसर्गपूजक वाटू लागतो. पण पाचव्या भागात १७ व्या विधानाच्या उपसिद्धान्तात तो स्वच्छ सांगतो, की देव कुणावर प्रेम करत नाही आणि कुणाचा द्वेषही करत नाही. १९ वे विधान तर भक्तिमार्गी मनाला झोंबेल: देवावर प्रेम करणाऱ्याला, देवानेही आपल्यावर प्रेम करावे, अशी धडपड करता येत नाही. मग कोपणार कोण?

(हे शंकराचार्यांचे ब्रह्मच, असेही आपल्याकडे पटकन म्हटले जाते. पण स्पिनोझाचे जग मिथ्या नाही. जवळचे नाते शोधायचेच तर ज्ञानेश्वरांच्या 'अमृतानुभवा'तल्या चिद्विलासाशी, म्हणजे जग हा चैतन्याचाच विलास या विचाराशी, ताडून पाहावे.)

पहिल्या भागाच्या परिशिष्टात छपरावरून दगड पडून माणूस मरतो. वाऱ्याने पडला म्हणावे, तर वारा तेव्हाच का सुटला? तो माणूस तेव्हाच तिथून का जात होता? तुम्ही 'ईश्वरेच्छा' म्हणेपर्यंत प्रश्न थांबत नाहीत. या उत्तराला स्पिनोझा अज्ञानाचा आसरा म्हणतो. 'कोप' हाही तसलाच आसरा. राधानगरी धरण भरले की स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात, कुंभी, कासारी, तुळशी या नद्यांचे पाणी त्यात मिळते, आणि संगमावर कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेला फुगवटा येतो. त्यात पूररेषेच्या आत टाकलेले भराव. कोणत्या धरणातून किती क्युसेक सुटले, हे मथळ्याखाली पहिल्याच ओळीत छापावे.

ग्रंथ पहिल्या पानापासून वाचायला घेतला, तर ८ व्याख्या आणि ७ गृहीतकांतच धीर सुटतो. आधी हे परिशिष्ट वाचावे, मग तिसऱ्या आणि चौथ्या भागांच्या प्रस्तावना, आणि त्यानंतर व्याख्यांकडे परतावे.

– एक वाचक, कोल्हापूर