येट्स एकटा नव्हता

महोदय,

रविवार पुरवणीतला आयरिश कवी डब्ल्यू. बी. येट्सवरचा लेख आवडला, पण त्यात ऱ्हायमर्स क्लब या त्याच्या कविमंडळाचं नावही नाही, याची चुटपुट लागली. तीस वर्षं अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवलं, म्हणून राहवत नाही.

१८९० साली येट्स आणि अर्नेस्ट ऱ्हीस यांनी लंडनमध्ये ही मंडळी जमवली. फ्लीट स्ट्रीटवरच्या 'चेशायर चीज' या जुन्या खानावळीच्या माडीवर बसायचं, आपली कविता आपणच मोठ्यानं वाचायची आणि बाकीच्यांनी ऐकायची. १८९२ आणि १८९४ मध्ये त्यांनी दोन संग्रह काढले. येट्सची 'इनिसफ्री' ही कविता पहिल्यात आहे. दुसऱ्यात क्लबातल्याच अर्नेस्ट डाउसनची सिनारा या प्रेयसीवरची कविता आहे. तिच्यातले तीन-चार शब्द उचलून पुढे मार्गारेट मिचेलच्या कादंबरीला 'गॉन विथ द विंड' हे नाव मिळालं. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करायची.

डाउसन बत्तिसाव्या वर्षी गेला, क्लबातला दुसरा कवी लायोनेल जॉन्सन पस्तिसाव्या. येट्स त्यांना विसरला नाही. पुढे 'द ग्रे रॉक' या कवितेत तो या जुन्या सोबत्यांशीच बोलतो.

आणि आपल्याला जवळचं म्हणजे, याच क्लबातल्या आर्थर सिमन्सनं सरोजिनी नायडूंच्या 'द गोल्डन थ्रेशोल्ड' या कवितासंग्रहाला (१९०५) प्रस्तावना लिहिली.

पुरवणीत डाउसन आणि जॉन्सनच्या एकेका कवितेचा मराठी अनुवाद छापावा, ही कळकळीची विनंती.

— एक निवृत्त शिक्षिका, सांगली