आदरणीय सर, गुडघा गेला तेव्हा तुम्ही मला जीपमध्ये बसवलंत

आदरणीय सर,

तोंडावर आभार मानलेले तुम्हाला चालत नाहीत, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय.

आता सायकलच्या शर्यती बंद, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा घरी येणारा प्रत्येक जण "होईल सगळं नीट" म्हणत होता. तुम्ही तसं काही बोलला नाहीत. तुम्ही सिरिल गिमारबद्दल सांगितलंत. १९७२ च्या टूर द फ्रान्समध्ये, म्हणजे फ्रान्समधल्या सगळ्यांत मोठ्या, टप्प्याटप्प्याच्या सायकल शर्यतीत, हा फ्रेंच गडी साक्षात एडी मर्क्सशी, त्या काळच्या सगळ्यांत मोठ्या सायकलपटूशी झुंजत होता. चार टप्पे जिंकलेले, एकूण क्रमवारीत दुसरा, अंगात गुणांमध्ये पहिला असणाऱ्याची हिरवी जर्सी. शर्यत संपायची ते पॅरिस दोन दिवसांवर आलं आणि गुडघ्यांपायी त्याला शर्यत सोडावी लागली. ती हिरवी जर्सी मर्क्सने पॅरिसमध्ये त्याच्या हवाली केली. १९७६ मध्ये, २९ व्या वर्षी गिमारने शर्यती सोडल्या आणि त्याच उन्हाळ्यात मॅनेजर म्हणून संघाच्या गाडीतून त्याने आपल्या संघातल्या लुसिएन व्हॅन इम्पेला टूर जिंकून दिली. शेवटचा चढ अजून लांब असतानाच गिमारने पिरेनीजच्या डोंगरांत त्याला पुढे पिटाळलं होतं. नंतर त्याच्या संघातून बर्नार इनो चारदा जिंकला, लोरां फिन्यों दोनदा. एका माणसाच्या हाताखाली सात टूर!

मला सगळ्यांत पटलं ते १९७७. इनो बेल्जियममधली लिएज–बास्तोन–लिएज ही मोठी एकदिवसीय शर्यत जिंकलेला, ऐन भरात, तरी गिमारने त्याला टूरला नेलंच नाही. पुढच्या वर्षी नेलं, आणि पहिल्याच टूरमध्ये तो जिंकला. आपल्याकडे लेकरू जिल्ह्यात पहिलं आलं की लगेच राज्याला पळवायची घाई होते. तुम्ही पालकांचं बोलणं खाता, पण थांबवता.

मांजरसुंब्याच्या घाटात सरावाच्या वेळी तुम्ही मला जीपमध्ये शेजारी बसवलंत, हातात घड्याळ दिलंत आणि म्हणालात, "पाय बघू नको, खांदे बघ. दमलेला खांद्यांवरून कळतो." दिवाळीनंतर आई-वडील ऊसतोडीला गेले की सरावाची लेकरं कमी होतात. तेव्हा आजीकडे जाऊन लेकरू जेवलं का, हे विचारणं याच कामात येतं, हे तुमच्यामागे फिरतानाच कळलं.

यंदा शर्यतीला न्यायच्या मुलांची यादी मी केली. एका गुणी मुलीचं नाव मुद्दाम ठेवलं नाही, तिला अजून एक वर्ष हवंय. तिचे वडील चिडून तुमच्याकडे आले, तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "मॅनेजर तो आहे, त्याला विचारा." सर, सगळ्यांत जास्त आभार त्या वाक्याचे.

तुमचा विद्यार्थी,
बीड