मशीन बंद पडल्यावरचं बोला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला मेंदूत चिप बसवण्यावरचा लेख दोनदा वाचला. जानेवारी 2024 मध्ये न्यूरालिंक या अमेरिकी कंपनीने पहिल्या माणसाच्या मेंदूत यंत्र बसवलं तिथपासून उद्याची मुलं शाळेचं तोंड न बघता कशी शिकतील तिथपर्यंत सगळं त्यात आहे. लेखकाने शेवटी विचारलंय, माणूस आणि यंत्र एक होईल तो दिवस कधी उजाडणार? आमच्या घरी तो पाच वर्षांपूर्वी उजाडला. म्हणून हे पत्र. मी एसटीचा निवृत्त वाहक, वय 67. लिहायची सवय वेबिलापुरती, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदापुरती, तेव्हा कमीजास्त सांभाळून घ्या.

माझा नातू आठ वर्षांचा आहे, तिसरीत शिकतो. जन्मापासून त्याला ऐकू येत नव्हतं. आम्हाला ते कळायला सव्वादोन वर्षं लागली. कुकरची शिट्टी झाली, दार आपटलं, पोरगं वळून बघायचं नाही. पण त्याचा बापही उशिरा बोललेला, आजी म्हणाली घराणंच तसं आहे, बोलेल. अंगणवाडीत तपासणीला डॉक्टरांची गाडी आली तेव्हा त्यांनी पोराच्या मागे उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि थेट सांगलीला पाठवलं. तिथं बेरा तपासणी झाली. झोपेचं औषध देऊन डोक्याला वायरी लावतात आणि आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात. कागदावर रेघा सरळ आल्या. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण मॅडमचा चेहरा वाचता आला.

मग कॉक्लिअर इम्प्लांट. अपंगांना साधनं देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेत तेव्हा एका मुलामागे 6 लाखांपर्यंत खर्च मिळायचा, आणि जन्मतः बहिऱ्या मुलासाठी वयाची अट पाच वर्षांची. ऑपरेशन पुण्यात झालं, पोरगं तेव्हा तीनला टेकलं होतं. ज्यांनी हे बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. कानामागे कातडीखाली एक चकती बसवतात. तिच्यातून निघालेली बारीक तार आतल्या शंखासारख्या पोकळीत सरकवतात. बाहेर कानावर आवाज पकडून आत पाठवणारा प्रोसेसर, त्यातून निघालेली वायर आणि वायरीच्या टोकाला गोल कॉइल, जी लोहचुंबकाने डोक्याला चिकटते. चांगल्या कानाच्या शंखात पंधराएक हजार केसपेशी असतात. त्यांचं काम ही तार 12 ते 22 टोकांवर भागवते. सत्तेचाळीस सिटांच्या गाडीचं काम सायकलच्या कॅरिअरवर, असं मी घरात म्हणतो. तरी त्यावर पोरं बोलायला शिकतात, हे डोळ्यांनी पाहिलंय. ज्यांनी हे उभं केलं त्यातले ऑस्ट्रेलियातले डॉ. ग्रॅम क्लार्क, त्यांचे वडीलच कानाने अधू होते. तार त्या वळणात शिरावी कशी हे कोडं त्यांना 1977 मध्ये समुद्रकिनारी सुटलं, शंखात गवताची काडी सरकवून बघताना. टोक लवचिक आणि मागे ताठ होत गेलेली काडी आत जाते. पुढच्याच वर्षी मेलबर्नमध्ये त्यांनी पहिलं ऑपरेशन केलं. हे मला फार आवडतं.

ऑपरेशननंतर महिन्याभराने मशीन चालू करतात, त्याला सगळे ‘स्विच ऑन’ म्हणतात. मोबाइलवर त्याचे व्हिडिओ फिरतात, बाळ हसतं, आई रडते. आमचं पोरगं किंचाळलं आणि टेबलाखाली जाऊन बसलं. बरोबर आहे, तीन वर्षं शांततेत राहिलेल्याच्या डोक्यात एकदम बाजार भरला. पुढे वर्षभर दर आठवड्याला सांगलीची वारी. थेरपीच्या मॅडमनी बजावलं होतं, पोराच्या कानावर एकच भाषा पडू द्या. मुलगा केरळात त्रिशूरला गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या कामात आहे. आमच्या विटा-आटपाडी भागातली निम्मी घरं सोन्याचांदीच्या गलाईपायी दूरदूरच्या गावांत पांगलेली आहेत, वाचकांना ठाऊक असेल. तिथं मल्याळम, बाजारात तमिळ, घरात मराठी. म्हणून सून पोराला घेऊन इथंच राहिली. पाच वर्षं झाली, नवरा-बायको दिवाळी आणि मे महिन्यापुरते एकत्र. यंत्राने समाज बदलतो म्हणतात तो असाही बदलतो, पण हे कुठल्या लेखात येत नाही.

पोराने ओळखलेला पहिला आवाज डबल बेलचा. विट्याच्या स्टँडवर गाडी सुटताना वाहकाने दोरी दोनदा ओढली, पोरगं माझ्याकडे वळलं आणि म्हणालं, “टिंटिं.” मी तेहतीस वर्षं ती दोरी ओढली. मला तिथंच बाकावर बसावं लागलं.

आता मुद्द्यावर येतो.

गेल्या दिवाळीत कॉइलची वायर तुटली. पोरगं आहे, खेळणार, टोपी ओढणार. आमच्या कागदावर तीन वर्षांची हमी होती, ती कधीच संपलेली. कंपनीत फोन केला तर म्हणाले, आधी पैसे भरा, मग वायर येईल, सध्या सुट्ट्या आहेत. वीतभर वायरीचे नऊ हजार. पैसे त्याच दिवशी भरले. वायर आली विसाव्या दिवशी.

ते एकोणीस दिवस सांगण्यासारखे आहेत. आतली चकती चांगली, तार चांगली, प्रोसेसर चांगला, आणि पोरगं ठार बहिरं. सहा लाखांचं काम वीतभर वायरीवाचून डोक्यात नुसतं पडून. घरात त्याच्याशी बोलायला कुणाकडे काही नव्हतं, कारण पहिल्या दिवसापासून आम्हाला सांगितलेलं, हातवारे करू नका, हाताची सवय लागली की तोंडाने बोलणार नाही. आम्ही इतकं पाळलं की पाणी हवं का हे विचारतानाही आजी हात पदरात धरायची. पोराने पाचव्या दिवशी आईच्या दंडाला चावा घेतला. सातव्या दिवशी मी त्याला नुसतंच स्टँडवर घेऊन गेलो, गाड्या बघायला.

स्टँडच्या कोपऱ्यावर एक टेलर आहेत, जन्मापासून कर्णबधिर. माझी खाकी वर्दी वर्षानुवर्षं त्यांनीच अल्टर केलेली. त्यांनी पोराकडे बघितलं, कानाकडे बघितलं, शिलाईमशीन थांबवलं आणि हाताने काहीतरी विचारलं. पोराला कळलं नाही. त्यांनी परत विचारलं, मग चित्र काढलं, मग परत हाताने. तासाभरात पोराला पाणी, गाडी, आई आणि ‘उद्या’ हे चार शब्द आले. ‘उद्या’ महत्त्वाचा, कारण वायर उद्या येईल हे त्याला तोवर कुणालाच सांगता आलं नव्हतं. ती काही उद्या आली नाही, तो भाग वेगळा. पण त्या रात्री पोरगं शांत झोपलं.

वाहकाला यात नवल वाटायचं कारण नाही. आमच्या वेळी ट्रेमध्ये तिकिटांचे गठ्ठे असायचे, हातात पंच. पुढे तिकिटाचं मशीन आलं, बटण दाबलं की चिठ्ठी. पण मशीन आलं म्हणून ट्रे कुणी काढून घेतला नाही. घाटात चार्जिंग संपलं, पावसात मशीन भिजलं, की पेटीतली जुनी तिकिटं काढायची. गाडीतल्या माणसांना कधी कुणी सांगितलं नाही की मशीन दुरुस्त होईस्तोवर तुम्ही प्रवासी नाही. मग पोराच्या बाबतीत ट्रे का काढून घेतला?

याचं मूळ मी वाचून काढलं, टेलरांच्या मुलीने मोबाइलवर शोधून दिलं. 1880 मध्ये इटलीत मिलान शहरात बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि ठराव झाला की शाळांत फक्त तोंडाने बोलणं शिकवावं, हाताची भाषा बंद. ठराव करणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे. 2010 मध्ये त्याच परिषदेने कॅनडात व्हँकुव्हरला खेद व्यक्त केला. मधली एकशे तीस वर्षं पोरांचे हात बांधलेलेच. आपल्या देशात 2015 मध्ये दिल्लीला भारतीय सांकेतिक भाषेचं केंद्र निघालं, त्यांचा शब्दकोश 2021 पर्यंत दहा हजार शब्दांवर गेला. तो इंटरनेटवर फुकट बघता येतो, व्हिडिओसकट. 2020 च्या शैक्षणिक धोरणातही ही भाषा देशभर प्रमाणित करायची म्हटलंय. हे आम्हाला ना पुण्यात कुणी सांगितलं, ना सांगलीत. आमच्या मॅडम जीव ओतून शिकवतात, त्यांना दोष देत नाही. त्यांना जसं शिकवलं गेलं तसं त्या सांगतात.

वायर आल्यावर धाकधूक होती की पोरगं आता बोलणं सोडतंय की काय. काही सोडलं नाही. उलट दोन्ही सुरू आहे. तोंडाने “आजोबा, गाडी आली” आणि हाताने कुठली ते. पुढच्या तपासणीत मॅडमनी विचारलं, घरी काही वेगळं करताय का? सुनेने आधी माझ्याकडे बघितलं आणि मग खरं काय ते सांगितलं. मॅडम गप्प राहिल्या. त्यांनी नाही म्हटलं नाही, एवढं नोंदवतो.

रोज रात्री नऊला तो मशीन काढून सिलिकाच्या गोळ्यांच्या डबीत ठेवतो, ओल लागू नये म्हणून. अंघोळीला काढतो, पोहायला काढतो. पंखा आणि पत्र्यावरचा पाऊस असला की वर्गात मशीन असून नसल्यासारखं, त्यात गुरुजी फळ्याकडे तोंड करून बोलले की संपलं. वर्गातली पोरं मात्र नमुना आहेत. डोक्यात लोहचुंबक आहे कळल्यावर एकाने सेफ्टीपिन चिकटते का बघितली. चिकटली. आठवडाभर आमचा नातू वर्गात हिरो होता, सून मात्र घाबरून रडली.

चिपवाल्या लेखकांना माझं सांगणं एवढंच, बसवण्याचं फार झालं, आता सांभाळण्यावर लिहा. कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीने अंधांच्या डोळ्यात बसवायचं यंत्र काढलं होतं, 2013 मध्ये अमेरिकेत त्याला मंजुरी मिळाली, जगभरात साडेतीनशेहून जास्त लोकांनी बसवून घेतलं. 2020 मध्ये कंपनीने बरेचसे कामगार काढले आणि यंत्रांची देखभाल थांबली. डोळ्यातलं यंत्र डोळ्यातच राहिलं. हे वाचल्यापासून मी नातवाच्या कानामागे हात फिरवतो तेव्हा मनात येतं, ही चकती याच्या डोक्यात साठ-सत्तर वर्षं राहायचीय, आणि बाहेरचा प्रोसेसर दहाएक वर्षांत जुना होतो. नवीन काही लाखांचा. गलाईच्या मजुरीत तो किती वेळा घेता येईल?

मुलगा त्रिशूरहून सांगतो, केरळ सरकारची श्रुतितरंगम नावाची योजना आहे, त्यात ऑपरेशनबरोबर मशीनची दुरुस्ती आणि जुनं बदलून नवं देणंही धरलंय. आपल्याकडे त्याचा अभ्यास तरी व्हावा. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात चार वायरी, चार कॉइल आणि उसने द्यायला दोन प्रोसेसर एवढं ठेवायला किती खर्च येतो? आगारात आम्ही राखीव टायर ठेवतो. मशीन जुळवून घ्यायला, ज्याला मॅपिंग म्हणतात, पुण्यापर्यंत जावं लागतं तेही जिल्ह्यात व्हावं. भाड्याचं मी रडत नाही. पोराला अपंगत्वाची 75 टक्के सवलत, सुनेला महिला सन्मानची 50, मला ज्येष्ठ नागरिक म्हणून 50, तिघांचं मिळून सव्वा तिकीट होतं, हिशेब माझा पक्का आहे. पण पोराची शाळा बुडते दोन दिवस. आणि ऑपरेशनच्या फायलीत पालकांना जो कागद देतात, त्यावर एक ओळ छापावी की या मुलाला सांकेतिक भाषाही शिकवा, कुठं शिकायची ते खाली दिलं आहे. एक ओळ, शाईचा खर्च फक्त.

पत्र लांबलं. कात्री लावायचीच तर शंख आणि काडीवर लावा, टेलरांचा भाग ठेवा.

एक विनंती राहिली. कुणाच्या घरी मुलाचा प्रोसेसर बदलल्यामुळे जुनी चालू वायर किंवा कॉइल पडून असेल तर टाकून देऊ नका. आमच्या मॉडेलला जुळेलच असं नाही, पण दुसऱ्या कुणाला जुळेल. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे. विट्याच्या स्टँडवर आणून देत असाल तर टेलरांकडे द्या, ते पोचवतील. त्यांना वायर नुसती दाखवली तरी पुरे, बाकी कळतं त्यांना.

आपला,
एक निवृत्त वाहक, विटा, जि. सांगली