बीएमएममध्ये शिकतात तरी काय? मंदारला पत्र

डोंबिवली,
१८ जानेवारी २०२६

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. रेवाला बारावीनंतर माध्यमांचा अभ्यास करायचा आहे आणि त्यात तीन वर्षे शिकण्यासारखे असते तरी काय, असा काकांचा प्रश्न आहे. प्रवेशाच्या वेळी आमच्या घरीही हाच प्रश्न निघाला होता. आता तिसरे वर्ष संपत आले आहे, तेव्हा थोडेफार उत्तर देता येईल.

मुंबई विद्यापीठाच्या माध्यमांच्या या पदवीचे नाव २०१९ पासून बीएएमएमसी (बॅचलर ऑफ आर्ट्स इन मल्टिमीडिया अँड मास कम्युनिकेशन) झाले असले, तरी सगळे तिला अजून जुन्या नावाने बीएमएमच (बॅचलर ऑफ मास मीडिया) म्हणतात. आमच्यापर्यंत पहिली दोन वर्षे सर्वांना सारखे विषय होते आणि तिसऱ्या वर्षी पत्रकारिता किंवा जाहिरात यांपैकी एक शाखा घ्यायची होती. नव्या शैक्षणिक धोरणामुळे रेवाच्या वेळी ही मांडणी बदललेली असेल, म्हणून तो तपशील तिने महाविद्यालयातच विचारावा.

बहुतेक मुले कॅमेऱ्याच्या ओढीने येतात. खरे सांगायचे तर कॅमेरा सर्वांत लवकर हाती बसतो. त्याहून आवाजाचे ध्वनिमुद्रण कितीतरी अवघड असते, कारण फलाटावर घेतलेल्या बाइटमध्ये, म्हणजे कोणाच्या बोलण्याच्या छोट्या ध्वनिमुद्रणात, पंख्याची घरघर आणि गाडीची उद्घोषणा बोलणाऱ्याच्या वर चढून बसते, आणि हे संकलनाला बसेपर्यंत कोणाच्या लक्षातच येत नाही.

पण या पदवीचा गाभा मला विचारशील, तर तो किचकट म्हणून मुले ज्याला कंटाळतात त्या माध्यमविषयक कायद्यात आहे. १९५० साली मद्रास सरकारने मुंबईहून निघणाऱ्या ‘क्रॉस रोड्स’ या साप्ताहिकाला आपल्या प्रांतात बंदी घातली. त्याचे संपादक रोमेश थापर सर्वोच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. मात्र पुढच्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर निर्बंध घालण्याच्या कारणांमध्ये ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ आली आणि हे निर्बंध ‘वाजवी’ असावेत, अशी अटही त्याच दुरुस्तीने घातली. म्हणजे सरकारचे अधिकार वाढवणारा आणि त्यांना लगाम घालणारा, असे दोन्ही शब्द एकाच दुरुस्तीतून आले. वर्गात आम्ही यावर तासभर वाद घातला आणि तो मिटला नाही, हेच मला आवडले.

त्याला जोडूनच पालघरचे प्रकरण शिकलो. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद झाली, त्याविषयी एका तरुणीने फेसबुकवर लिहिले, दुसरीने ते लाइक केले आणि दोघींना अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६अ कलमाचा त्यात वापर झाला, ते कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये श्रेया सिंघल खटल्यात रद्द केले. याचिका करणारी सिंघल त्या वेळी कायद्याच्या अभ्यासाकडे वळलेली एक तरुणी होती. आपल्या वयाच्या मुलींमुळे आणि आपल्याच जिल्ह्यांच्या आसपास घडलेल्या घटनेमुळे देशाचा कायदा बदलतो, हे पाठ्यपुस्तकात वाचताना मजकूर परका वाटत नाही.

सिद्धान्तांचे तास मात्र सगळेच सारखे रंगत नाहीत. संवादाच्या आकृत्या, बाण आणि चौकोन परीक्षेपुरते पाठ होतात. अपवाद मॅकोम्ब्स आणि शॉ या अमेरिकन संशोधकांचा: १९६८ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी त्यांनी चॅपेल हिल या गावातल्या शंभर मतदारांशी बोलून असे दाखवले की, माध्यमे ज्या प्रश्नांना जास्त जागा देतात तेच मतदारांनाही महत्त्वाचे वाटतात. याचा सराव म्हणून आम्ही मराठी दैनिकांची पहिली पाने पुढ्यात घेऊन बसलो, तेव्हा कल्याण-डोंबिवलीच्या पाण्याच्या तक्रारी आतल्या पानावर आणि पुढाऱ्यांची भांडणे पहिल्या पानावर, हे रोज दिसणारे चित्र मी पहिल्यांदाच नीट पाहिले. पाणी न येण्याची बातमी पुन्हा पुन्हा तीच असते आणि भांडण रोज नवे असते, एवढे साधे कारणही त्यामागे असू शकते. सगळीकडे कट शोधण्याची सवय आमच्या वर्गाला लागली आहे, ती मला पटत नाही.

आता काकांना सांगण्याच्या दोन कटू गोष्टी. हा अभ्यासक्रम बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित आहे, त्यामुळे फी साध्या कला शाखेपेक्षा बरीच जास्त पडते. इंटर्नशिपही अनेकदा बिनपगारी असते. मी बातम्यांच्या एका लहानशा पोर्टलच्या डेस्कवर बसलो तेव्हा प्रवासाचा खर्चही पदरचाच होता. तरीही तिथल्या उपसंपादकांनी माझ्या बातमीचा इंट्रो, म्हणजे सुरुवातीचा परिच्छेद, कापून अर्ध्यावर आणला आणि ‘हे तुला कोणी सांगितले?’ हे प्रत्येक वाक्यापाशी विचारले, ती शिकवणी फुकट मिळाली असे मी मानतो.

रेवाला फक्त पडद्यावर दिसायचे असेल, तर एखादा छोटा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पुरेल आणि काकांचे पैसेही वाचतील. पण ती वर्तमानपत्र वाचताना ‘हे यांना कसे कळले?’ असे विचारणारी असेल, तर तिला अडवू नका. सुट्टीत तिला गावच्या एखाद्या ग्रामसभेला बसायला सांग आणि तिथे जे झाले त्याची तीनशे शब्दांची बातमी तिच्याकडून लिहून घेऊन माझ्याकडे पाठव. मी ती लाल शाईने तपासून परत पाठवीन. तेवढ्याने ती रुसली नाही, तर जूनमध्ये प्रवेशाच्या रांगेत मी तिच्याबरोबर उभा राहीन.

काका-काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अनिकेत