एसटीपी बांधताना पावसाळाही धरा

संपादक महोदय,
पुण्यात जायका (जपानच्या कर्जातल्या) प्रकल्पातले ११ एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारे प्लांट, मिळून ३९६ एमएलडी (दिवसाला दशलक्ष लिटर), हे २०१६ ला मंजूर झालं. त्यानंतर २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये अजून २३ गावं पालिकेत आली, तिथे टॉवर उभे राहतच आहेत, मग क्षमता आजच्या लोकसंख्येवर कशी ठरवायची?

त्यात पावसाळा. ड्रेनेज आणि पावसाळी लाईन कागदावर वेगळ्या, पण गच्चीचं, पार्किंगचं पाणी सर्रास ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडतात, जुन्या पाइपांच्या जॉइंटमधूनही शिरतं, मग प्लांटला झेपत नाही आणि जादा पाणी बायपास होऊन थेट नदीत. फारच लोंढा आला तर टाकीतले घाण खाणारे जिवाणूच वाहून जातात, ते परत वाढायला वेळ लागतो. उन्हाळ्यातली सरासरी बघून प्लांट बांधणं म्हणजे रविवारची गर्दी बघून पीएमपीच्या बस सोडणं!

मोठे प्लांट बांधा जरूर, पण आधी ही चुकीची कनेक्शनं तोडा (सोसायटीवाले ओरडतील, ओरडू देत), जादा पाण्यासाठी साठवण टाक्या ठेवा आणि प्रत्येक प्लांटचं जुलै-ऑगस्टचं रोजचं मीटर रीडिंग लोकांना बघायला ठेवा.

- एक वाचक, पुणे