सलग टेकचे गणित तालमीतच सुटते

महोदय,

मुंबईतली एकांकिका करणारी बरीच मंडळी लघुपटाकडे वळतात, आणि पहिला खर्च करतात तो कॅमेऱ्याच्या भाड्यावर. त्याआधी त्यांनी सलग टेकमधले (टेक म्हणजे कॅमेरा न थांबवता घेतलेले चित्रण) कमी खर्चाचे जपानी विनोदी चित्रपट पाहावेत, अशी आमची कळकळीची विनंती आहे. शिनिचिरो उएदा यांचा ‘वन कट ऑफ द डेड’ (2017) सुमारे 30 लाख येनमध्ये झाला. त्याचा पहिला टेक 37 मिनिटांचा आहे. क्योतोच्या ‘युरोप किकाकु’ या नाटक मंडळीने ‘बियाँड द इन्फिनिट टू मिनिट्स’ (2020) तर फोनवर चित्रित केला.

विनोद हा विरामावर चालतो, आणि कट नसला की तो विराम संकलकाला कमी-जास्त करता येत नाही. जे काही साधायचे ते तालमीत. दुसऱ्या चित्रपटात वरच्या खोलीतल्या पडद्यावर खालच्या कॅफेतले दोन मिनिटांनंतरचे दिसते. म्हणजे पात्राने जिना उतरून, बरोबर दोन मिनिटांनी, पडद्यावर दिसलेली तीच वाक्ये त्याच गतीने बोलायची. जिन्यात चार सेकंद जास्त गेले की प्रश्न संपण्याआधीच उत्तर येते आणि अख्खा टेक बाद! म्हणून असे काही करायचे तर आधी जागा ठरवावी, जिना स्टॉपवॉच लावून चढावा-उतरावा, आणि तेवढ्या लांबीचेच संवाद लिहावेत. कॅमेरा धरणाऱ्याला पहिल्या वाचनापासून तालमीत घ्यावे; तोही एक पात्रच आहे.

चाळीत चित्रण करताना गॅलरीतून खोलीत शिरले की फोन आपोआप उजेड बदलतो आणि चित्र उडते. एक्स्पोजर (उजेडाचे प्रमाण), फोकस, व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा) खोलीच्या उजेडावर लॉक करावेत. गॅलरी थोडी पांढरी पडली तर पडू द्यावी. आपली वीज 50 हर्ट्झची, तेव्हा सेकंदाला 25 फ्रेम आणि 1/50 सेकंदाचे शटर ठेवावे, नाहीतर ट्यूबलाइटखाली पट्टे सरकतात. फोन एरोप्लेन मोडवर हवाच. उन्हाळ्यात 4के, म्हणजे अतिस्पष्ट चित्रणाचा हट्ट नको, फोन तापून मध्येच बंद पडतो. माइक प्रत्येकाच्या कॉलरला लावावा. फोनच्या माइकवर संवादांपेक्षा पंखा आणि लोकलच जास्त येते.

दोन टेकमधला सांधा लपवायचाच असेल तर कॅमेरा कुणाच्या पाठीवर किंवा अंधाऱ्या दारावर न्यावा. पुढचा तुकडा त्याच चालीने सुरू झाला नाही, तर सांधा लगेच खटकतो.

प्रभात चित्र मंडळासारख्या फिल्म सोसायट्यांनी हे चित्रपट एकांकिका स्पर्धांच्या हंगामाआधी दाखवावेत. ‘वन कट’ची पहिली 37 मिनिटे कच्ची वाटतात, म्हणून कुणी उठून जाऊ नये, एवढे मात्र खेळाआधी सांगावे, त्या कच्चेपणाची कारणे उत्तरार्धात आहेत.

– काही एकांकिका रंगकर्मी, परळ, मुंबई